बालवीरांचे रानशिक्षण आणि आईबापांचा अभिमान

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)

प्रिय ख्रिस्ती बंधुभगिनींनो, आणि पुढच्या रांगेत गळ्यात रुमाल बांधून इतका वेळ निश्चल बसलेल्या मुलामुलींनो,

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे "पालकांस चार शब्द" असे छापिले आहे. चार शब्दांत आटोपणारा धर्मगुरू आपल्यापैकी कोणी पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही. तेव्हा आपण थोडा धीर धरावा. गेले आठ दिवस या महोत्सवात ख्रिस्तमंदिराच्या भिंतींविषयी, वेदीविषयी, घंटेविषयी आणि ज्यांनी डोक्यावर माती वाहून हा पाया भरिला त्या वडीलधाऱ्यांविषयी पुष्कळ बोलून झाले. ते योग्यच झाले. आज मंदिराच्या मागील आवारात दर शनिवारी सायंकाळी जमणाऱ्या बालवीर व वीरबाला पथकांविषयी आणि त्या निमित्ताने आपणा आईबापांच्या अभिमानाविषयी आम्ही बोलणार आहो.

लेकराचा अभिमान वाटणे हा ईश्वराने आईबापांच्या हृदयात घातलेला स्वभाव होय. तो कोणी कोणास शिकवीत नाही. परंतु कशाचा अभिमान बाळगावा हे मात्र आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शिकतो. घरभेटीस गेलो असता पहिल्यांदा आमच्या हाती मुलाची गुणपत्रिका येते, मागाहून चहा येतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही, गुण मिळवावयास कष्ट पडतातच. तथापि मुलास पोहता येते काय, विस्तव पेटविता येतो काय, अंधारात वाट सापडते काय, हे आम्हांस आपण होऊन सांगणारे घर आजवर क्वचितच भेटले.

गेल्या नाताळच्या सुटीत तुंगार डोंगराच्या पायथ्याशी आपल्या पथकाचे तीन रात्रींचे शिबिर झाले. शेवटच्या दिवशी पालक मुलांस न्यावयास आले. कोणी विचारी, जेवण पोटभर मिळाले काय. कोणी विचारी, डास फार होते काय. एक कोळी बंधू मात्र काही न विचारता राहुटीपाशी उभे राहिले. राहुटीचा दोर झाडास ज्या गाठीने बांधिला होता, तीवर त्यांनी हात ठेविला आणि दोर खेचून पाहिला. गाठ आवळली, पण फास सरकला नाही. त्यांनी मुलास विचारिले की ही गाठ कोणी शिकविली. मुलगा म्हणाला, पथकनायक सरांनी शिकविली. हिला बोलाइन म्हणतात. बाप म्हणाला की हिला आपल्याकडे कोणी नाव ठेविलेले नाही, पण तुझ्या आज्यापासून आपली होडी हिच्याच आधाराने उभी आहे.

पुढच्या शनिवारी तो मुलगा आणखी चार गाठी शिकून आला. त्यांतील दोन तर आमच्या पथकनायकांसही ठाऊक नव्हत्या. सगळ्या पथकाने त्याच्याभोवती कोंडाळे केले आणि तो, ज्याने वर्गात कधी हात वर केला नव्हता, अर्धा तास शिकवीत राहिला.

बंधुभगिनींनो, या लहानशा गोष्टीत केवढे दुःख आणि केवढे औषध साठविलेले आहे, इकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. तो मुलगा आठ वर्षे शाळेत गेला. आठ वर्षांत त्याने बापास एकही प्रश्न विचारिला नव्हता, कारण बापास जे येते त्याचा तास शाळेच्या वेळापत्रकात नाही. आणि बापही आपल्या विद्येस विद्या मानीत नव्हता. मुलाने जाळ्यास हात लावू नये, खुर्चीवर बसून पगार मिळवावा, हीच त्याची प्रार्थना. ती प्रार्थना वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. समुद्राची मजुरी किती कठीण आहे हे ज्याच्या हातास घट्टे पडले त्याने सांगावे, पाद्र्याने सांगू नये. परंतु आपण जे सोडू इच्छितो त्याची लाज मुलांच्या मनात रुजते, हे आपल्या ध्यानात येत नाही. बालवीर पथकात तीच गाठ पुस्तकातून आली, तिला नाव मिळाले, तिच्याकरिता परीक्षा ठरली, आणि मग मुलास कळले की आपला बापूस विद्वान आहे. त्या संध्याकाळी अभिमान कोणाचा कोणास वाटला? आम्हांस तर तो दोन्हीकडून वाहताना दिसला.

ही चळवळ आली कोठून, हे नव्या पालकांकरिता थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात १८९९ ते १९०० या काळात माफेकिंग नावाच्या गावास २१७ दिवस वेढा पडला होता. तेथे लहान मुलांनी निरोप पोहोचविण्याची व पहाऱ्याची कामे मोठ्या जबाबदारीने केली. ते पाहणारा सेनापती रॉबर्ट बेडन-पॉवेल याच्या मनात आले की मुलांवर विश्वास टाकला असता मुले त्या विश्वासास जागतात. पुढे १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर त्याने वीसेक मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती आणि कष्टकऱ्यांचीही होती. चार संघांत ती मिसळून टाकिली, आणि प्रत्येक संघावर मुलांतलाच एक नायक नेमिला. दुसऱ्या वर्षी त्याचे पुस्तक पाक्षिक भागांनी निघाले, आणि ते वाचून मुलांनी कोणी सांगण्यापूर्वीच आपापली पथके काढिली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळा भरला असता काही मुलीही न बोलाविता येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हीही स्काऊट आहो असे म्हणाल्या! त्यातून १९१० मध्ये मुलींची गाइड चळवळ निघाली. ज्यांस मुलींनी राहुटीत झोपणे ही कालपरवाची टूम वाटते, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

आपल्या देशात पहिली पथके १९०९ च्या सुमारास निघाली. पण ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांकरिता होती, देशी मुलांस त्यांत प्रवेश नव्हता. ज्या चळवळीच्या नियमांत सर्वांशी बंधुभाव सांगितलेला, तिच्याच दारात हा अडसर! तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या काळात अॅनी बेझंट बाईंनी मद्रासेकडे, आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस, देशी मुलांकरिता स्वतंत्र संस्था काढिल्या. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात येऊन गेला आणि पुढे दारे उघडली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाइड्स ही संस्था झाली. लहान मुलांच्या कब विभागात जे लांडगे व अस्वल येतात, ते किपलिंगच्या जंगलकथांतून घेतलेले आहेत. ते जंगल मध्यप्रदेशातील शिवनीचे, आणि किपलिंगचा जन्म मुंबईचा. तेव्हा ही विद्या केवळ विलायती आहे असे म्हणणाऱ्याने थोडे बेताने म्हणावे.

कोणी विचारील की यात धर्म कोठे आहे. आरंभी युरोपातील काही कॅथोलिकांच्या मनातही ही शंका होती. फ्रान्समधील जेझुइट धर्मगुरू झाक सेव्हँ यांनी १९१३ मध्ये इंग्लंडात जाऊन ही पद्धत स्वतः पाहिली, आणि १९२० मध्ये फ्रान्समधील कॅथोलिक बालवीरांची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. पवित्र सभेने त्यांस २०१२ मध्ये 'पूजनीय' ही पदवी दिली आहे. परंतु आमच्या मते या शंकेचे उत्तर फ्रान्सपर्यंत जाऊन शोधावयास नको. ते पवित्र शास्त्रात, तोबिताच्या पुस्तकात आहे. आणि ते पुस्तक आपल्या कॅथोलिक बायबलात असूनही आपण फारसे उघडीत नाही.

तोबित वृद्ध व आंधळा. मिदिया देशात एका नातलगापाशी त्याने दहा तालांत चांदी ठेविलेली. ती आणावयास तो आपला एकुलता एक पुत्र तोबिया यास पाठवितो; सोबतीस एक वाटाड्या देतो, जो खरोखर राफाएल देवदूत असतो, पण हे घरात कोणास ठाऊक नाही. मुलाचा कुत्राही मागोमाग निघतो. आता हन्नेकडे पाहा, कारण येथे बसलेल्या प्रत्येक आईची ती बहीण आहे. ती नवऱ्यावर रागावते: पैशाकरिता पोराला कशाला दूर धाडिले, होते तेवढ्यात आपले भागत नव्हते काय! आणि पुढे रोज ती वाटेवर जाऊन डोळे लावून बसते. शास्त्राने तिचे रडणे लपविलेले नाही आणि तिला त्याबद्दल बोलही लाविलेला नाही.

इकडे वाटेत काय घडते? तैग्रीस नदीवर मुलगा पाय धुवावयास उतरतो आणि एक मोठा मासा त्याच्यावर झेप घेतो. मुलगा ओरडतो. देवदूतास एका बोटाने मासा दूर करिता आला असता. तो तसे करीत नाही. तो म्हणतो, पकड त्याला. मुलगा स्वतःच्या हाताने मासा ओढून काठावर आणितो. मग तो कसा चिरावा, काय ठेवावे, काय भाजावे, हे देवदूत त्यास सांगतो. आम्ही कितीदा तरी हे वाचितो आणि प्रत्येक वेळी आम्हांस वाटते की पथकनायकाचे काम याहून नेमक्या शब्दांत कोणी सांगितलेले नाही: जवळ उभे राहावे, काय करावे ते सांगावे, आणि हात मुलाचा चालू द्यावा. पुढे त्याच माशाचे पित्त बापाच्या डोळ्यांत घातले आणि बापास दिसू लागले. मुलगा रानात जे शिकला त्याने बापाचे डोळे उघडले. कोळी बंधूंची गोष्ट आम्ही मघाशी सांगितली, तीही काही निराळी नव्हे.

आपल्या मुलींविषयी विशेष बोलणे अवश्य आहे. पहिल्या वर्षी वीरबालांच्या शिबिरास अकरा मुलींची नावे आली आणि निघावयाच्या आदल्या रात्री सहा गळाली. एकीस ताप आला, एकीकडे पाहुणे आले. ताप व पाहुणे यांनी नेमकी तीच रात्र निवडावी हे नवलच! ज्या पाच गेल्या, त्यांस पहिल्या संध्याकाळी अवकाळी पावसाने गाठले. लाकडे दमट, चूल पेटेना. आणलेले कागद संपले. तेव्हा त्यांतील एक मुलगी वाडीतल्या माडाखालून सुके नारळ गोळा करून आली. वरची भिजलेली साल काढून आतला कोरडा काथ्या तिने बोटांनी पिंजला, त्याचा घरट्यासारखा गोळा केला, त्यावर काडीएवढ्या काटक्या उभ्या रचिल्या, वारा येत होता त्या बाजूस तोंड ठेविले, आणि एका काडीत विस्तव धरिला. कोणी शिकविले, असे विचारिता ती म्हणाली की आजी पावसाळ्यात असेच करिते. मी फक्त पाहत असे. ती आजी आज या सभेत बसली आहे. तिला लिहितावाचिता येत नाही म्हणून ती आमच्याशी बोलताना नेहमी संकोचते. आम्ही तिला सर्वांसमक्ष सांगतो की त्या रात्री पाच मुली व दोन शिक्षिका तिच्या विद्येवर जेविल्या.

रानातले शिक्षण दिसावयास खेळ दिसते, पण त्यात फसविता येत नाही हा त्याचा मोठा गुण. निबंध दुसऱ्याचा उतरून काढिता येतो. भात दुसऱ्याचा उतरून शिजविता येत नाही. रीफ गाठ उलटी पडली तर तिची सुटणारी गाठ होते आणि जखमेची पट्टी ढिली पडते. तेथे कोणाचा वशिला लागत नाही. दिशेचेच पाहा. पुस्तकात लिहिलेले असते की सप्तर्षींवरून ध्रुव शोधावा. आमची मुले डिसेंबरात रात्री आठ वाजता सप्तर्षी शोधू लागली तर ते दिसेनात, कारण त्या दिवसांत आपल्याकडे ते मध्यरात्रीनंतर वर येतात. मग शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून उत्तर काढावी लागली. आणि ध्रुव सापडला तोही किती खाली! आपल्या वसईच्या आकाशात तो क्षितिजापासून सुमारे एकोणीस अंशांवर असतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेविली की दोन मुठींत बसतो. मुलांनी मुठी धरून पाहिल्या. त्यांतील एकाने घरी जाऊन बापास गच्चीवर नेले, बापाने आजोबांस हाक मारिली, आणि तीन पिढ्या मुठी उगारून उत्तरेकडे तोंड करून उभ्या आहेत असे दृश्य शेजाऱ्यांनी पाहिले. शेजारी आम्हांस विचारावयास आले की भांडण कशावरून झाले.

आता एक कठीण गोष्ट. समुद्राकाठी व बावखलांच्या कुशीत राहूनही आपली पुष्कळ मुले पोहावयास शिकलेली नाहीत. पूर्वी बापाने कमरेस दोर बांधून विहिरीत सोडावे आणि मुलाने आठ दिवसांत पोहू लागावे, अशी रीत होती. विहिरी बुजल्या, बावखले भरून त्यांवर इमारती झाल्या, बाप सकाळच्या गाडीने मुंबईस जाऊ लागला, आणि ती रीत मोडली. परंतु पाणी काही गेले नाही. २०१८ च्या जुलैत सारी वसई पाण्याखाली होती आणि गाड्या बंद पडल्या होत्या, हे आपण विसरला नसाल. पावसाळ्यात मुले बुडाल्याची वार्ता येते तेव्हा अंत्यविधीस वेदीपुढे उभे राहण्याचे काम आमच्याकडे येते, म्हणून हे बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे. मूल पाण्यापासून दूर ठेविले म्हणजे ते सुरक्षित राहिले, अशी समजूत आपण करून घेतो. पाण्याची भीती व पाण्याची ओळख ही दोन्ही मुलास असावी लागतात, आणि ओळख काठावर बसून होत नाही.

अभिमानाचाही एक कुजका प्रकार आहे. तो या चळवळीत शिरू पाहत आहे. प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या नेमलेल्या आहेत. पायऱ्या चढण्याकरिता असतात हे खरे, पण काही घरांत मुलाची नोंदवही आईच्या सुंदर अक्षरात भरलेली येते आणि लाकडी नमुना सुताराकडून करवून घेतलेला असतो. शिबिरात मुलाने हाती झाडू घेतला की त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून सगळ्या नातलगांस धाडण्याची घाई होते, आणि छायाचित्र निघाले की झाडू खाली ठेविला जातो. यात मुलाच्या हाती काय राहिले? चळवळीचा एक जुना नेम असा की रोज एक तरी सत्कृत्य करावे. आमचे म्हणणे एवढेच की त्याची नोंद आईबापांच्या भ्रमणध्वनीत नसावी.

या संबंधाने तुरीनच्या पिएर जॉर्जो फ्रासाती यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. ते बालवीर होते असे आम्ही म्हणत नाही. ते कॅथोलिक विद्यार्थी होते, आणि डोंगर चढण्याचा त्यांस विलक्षण नाद होता. वडील मोठ्या वर्तमानपत्राचे मालक, पुढे जर्मनीत इटलीचे राजदूत. मुलगा परीक्षांत मागे पडतो, डोंगर हिंडतो, याची घरी काळजी असे. १९२५ च्या जुलैत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हा तरुण पोलिओने वारला. अंत्ययात्रेस घरच्यांच्या अपेक्षेप्रमाणे प्रतिष्ठित लोक येणारच होते. पण रस्ते भरले ते गोरगरिबांनी. त्यांच्या झोपड्यांत तो औषध, पैसे, लाकूडफाटा पोहोचवीत असे, आणि घरात कोणास त्याचा पत्ता नव्हता. आपला मुलगा कोण होता हे बापास त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवरून कळले. २०२५ च्या सप्टेंबरच्या ७ तारखेस पोप लिओ १४ वे यांनी फ्रासाती यांस संत म्हणून घोषित केले. आईबापांस मुलाविषयी सर्व ठाऊक असतेच असे नाही. आणि मुलाचे चांगलेपण आपल्या दृष्टीआड वाढत असेल, हे मानण्यास थोडी श्रद्धा लागते.

पुनरुत्थानानंतर आपल्या प्रभूने तिबिर्या सरोवराच्या काठी काय केले, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे: रात्रभर दमलेल्या कोळ्यांकरिता त्याने कोळशांचा विस्तव केला, त्यावर मासळी ठेविली, भाकर ठेविली आणि त्यांस न्याहारीस बोलाविले. मृत्यूस जिंकून आलेल्या प्रभूने चूल पेटविली! ज्या पालकांस मुलाने शिबिरात भांडी घासली याचे वाईट वाटले व ज्यांनी आम्हांस तसे कळविले, त्यांस आमचे एवढेच उत्तर आहे.

आता व्यवस्थेचे. पुढील शिबिर उन्हाळ्याच्या सुटीत आहे. वीरबालांच्या शिबिरात दोन शिक्षिका व दोन माता मुक्कामास राहतील. पोहण्याचे शिक्षण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, दोर व हवा भरलेले टायर जवळ ठेवूनच दिले जाईल. ज्या बंधूंस जाळे विणणे, होडी बांधणे, माडावर चढणे, कलम करणे, पावसाचा अंदाज घेणे यांपैकी काही येत असेल, त्यांनी आपले नाव या आठवड्यात पथकनायकांकडे द्यावे. लिहितावाचिता येण्याची अट नाही, आणि एक संध्याकाळ पुरेल. प्रत्येक मुलाने एक सतरंजी, एक ताट, एक तांब्या, एक विजेरी व दहा हात दोर आणावा. भ्रमणध्वनी आणू नये. आणल्यास तो आमच्या कपाटात राहील आणि आमची स्मरणशक्ती दिवसेंदिवस क्षीण होत आहे हे आपण जाणताच. घरचा डबा पाठवू नये. चौथ्या दिवशी सायंकाळी चार वाजता पालकांनी मुलांस न्यावयास यावे. त्यापूर्वी कोणी झाडाआडून पाहावयास आल्यास त्यास पाणी आणावयास लाविले जाईल.